दुपारी कॉम्प्रेसर तापून ट्रिप होतो; ओलं पोतं टाकणं बरोबर आहे का?

बंदर_कोल्डरूम (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. मासळीची फ्रोझन रूम आहे, उणे १८ अंशांची. ७.५ एचपीचा सेमी-हर्मेटिक कॉम्प्रेसर, गॅस आर-४०४ए. आधी कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर एकाच फ्रेमवर होते. जागेसाठी कंडेन्सर गच्चीवर नेला, कॉम्प्रेसर खालच्या लहान खोलीतच राहिला. या उन्हाळ्यात दुपारी मोटरचं प्रोटेक्शन ट्रिप होतं. थंड झाला की आपोआप सुरू होतो, पुन्हा ट्रिप होतो. रात्री काही त्रास नाही.

दुपारची रीडिंग: सक्शन (कॉम्प्रेसरकडे परत येणारी बाजू) १२ पीएसआय, डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमधून दाबून बाहेर पडणारी बाजू) ३३० पीएसआय. कॉम्प्रेसरजवळ सक्शन पाइप २८ अंश. डिस्चार्ज पाइप, व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर, ११८ अंश. बाहेरची हवा ३४, कॉम्प्रेसरच्या खोलीत ४३.

मेकॅनिकने सध्या कॉम्प्रेसरवर ओलं पोतं टाकलंय आणि वरून पाण्याची धार ठेवलीय. पुढे सक्शन लाइनमध्ये कॅपिलरीने (बारीक नळीने) थोडं लिक्विड सोडू म्हणतो. दोन्हींबद्दल मत हवं आहे. आणि मुळात चालू कॉम्प्रेसर थंड राहतो कशाने, हेही कोणी नीट सांगितलं तर बरं होईल.

---

गेज_मॅनिफोल्ड

पोतं आजच काढा. टर्मिनल बॉक्समध्ये पाणी गेलं तर मोटर जाईल, आणि खाऱ्या हवेत ओल्या बिडावर गंज चढायला वेळ लागत नाही. तापलेल्या हेडवर गार पाणी पडत राहिलं की व्हॉल्व्ह प्लेटचं गॅस्केट सुटण्याचा धोका असतो. त्याहून मोठं नुकसान मशीन बंद असताना होतं. सिस्टिममधला गॅस नेहमी सगळ्यात थंड जागी जाऊन लिक्विड होतो. पोत्यामुळे ती जागा तुमचा क्रँककेस, म्हणजे कॉम्प्रेसरचा खालचा ऑइलचा भाग, ठरतो. क्रँककेस हीटर ज्या कामासाठी बसवलाय त्याच्या बरोबर उलटं काम पोतं करतं. मग स्टार्टला ऑइल फेसाळतं, बेअरिंगला नुसतं पातळ मिश्रण मिळतं.

आता थंड राहतो कशाने ते. सेमी-हर्मेटिकमध्ये मोटर आणि पंप एकाच बॉडीत असतात. बऱ्याच मॉडेलांत कूलिंग कॉइलकडून परत येणारा थंड गॅस आधी मोटरच्या वाइंडिंगवरून जातो, तिथली उष्णता उचलतो आणि मग सिलिंडरमध्ये शिरतो. दाबताना तयार होणारी उष्णतासुद्धा बहुतांशी डिस्चार्ज गॅसच कंडेन्सरपर्यंत वाहून नेतो. बाहेरच्या हवेच्या वाट्याला हेडची आणि बॉडीची उरलेली उष्णता येते. प्लस तापमानाच्या रूमला, म्हणजे भाजी-फळांच्या वगैरे, एवढ्यावर सहसा भागतं. फ्रोझन रूममध्ये मात्र सक्शनचा गॅस विरळ असतो, मिनिटाला परत येणारं त्याचं वजन कमी असतं. त्यामुळे हेडवर वेगळी हवा मारावीच लागते. काही लहान मॉडेलांत सक्शन थेट सिलिंडरला जातं आणि मोटर पूर्णपणे बाहेरच्या हवेवर अवलंबून असते. ओळखायची सोपी खूण अशी: सक्शन सर्व्हिस व्हॉल्व्ह मोटरच्या टोकाला असेल तर मोटर गॅसवर थंड होते, सिलिंडरजवळ असेल तर हवेवर.

तुमच्याकडे कंडेन्सर आणि कॉम्प्रेसर एका फ्रेमवर होते तेव्हा कंडेन्सर फॅनची हवा आयती हेडवरून जात होती. कंडेन्सर गच्चीवर गेला तसा कॉम्प्रेसरचा फॅनही गेला आणि त्याच्या जागी दुसरा कोणी बसवला नाही. हे पहिलं कारण. पण तुमच्या रीडिंगमध्ये आणखी दोन दिसतात, आणि फॅन लावून ती झाकली जातील. म्हणून तीही सांगतो.

डिस्चार्ज पाइपचं तापमान व्हॉल्व्हपासून १५ सेंटिमीटरवर मोजायचं. तिथे १०७ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, ही पिस्टनच्या कॉम्प्रेसरसाठी रुळलेली मर्यादा आहे. पाइपवर जे दिसतं त्यापेक्षा आत रीडजवळ (व्हॉल्व्हच्या पातळ पट्टीजवळ) साधारण ३० ते ४० अंश जास्त असतात. तुमचे ११८ म्हणजे आत दीडशेच्या आसपास. त्या तापमानाला ऑइल जळायला लागतं, रीडवर काजळी धरते, रीड नीट बसत नाही, दाबलेला गरम गॅस पुन्हा सिलिंडरमध्ये येतो आणि तापमान आणखी चढतं.

मग कॉम्प्रेशन रेशो काढा. गेजच्या दोन्ही आकड्यांत १४.७ (बाहेरच्या हवेचा दाब) मिळवायचे आणि डिस्चार्जला सक्शनने भागायचं. तुमचं गणित (३३० + १४.७) भागिले (१२ + १४.७), म्हणजे जवळजवळ १३. सिंगल स्टेजवर, म्हणजे एकाच टप्प्यात दाबताना, हे फार झालं. याच रूमसाठी सक्शन २२ आणि डिस्चार्ज २७० असते, तर रेशो पावणेआठ आला असता.

सक्शन का पडलंय? १२ पीएसआयला ४०४ उणे ३२ च्या आसपास उकळतो. रूम उणे १८ असताना हा फरक १४ अंशांचा झाला. ६ ते ८ पुरेसा असतो. म्हणजे कॉइलला लिक्विड कमी पोहोचतंय किंवा कॉइलमधून हवा जात नाहीये. आधी कॉइलवर बर्फ धरलाय का पाहा, डिफ्रॉस्ट हीटरचे अॅम्पिअर मोजा. मग फिल्टर ड्रायरच्या आधी आणि नंतर पाइपचं तापमान घ्या. एक-दोन अंशांहून जास्त फरक असला तर ड्रायर चोकअप. साइट ग्लासमध्ये बुडबुडे, एक्सपान्शन व्हॉल्व्हची (कॉइलला लिक्विड मोजून सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) जाळी, त्याचा फीलर बल्ब पाइपला घट्ट बसलाय का, हे त्यानंतर. गॅस टॉप-अप सगळ्यात शेवटी, गळती शोधल्यावर. आणि ४०४ मिश्रण आहे, सिलिंडरमधून लिक्विड स्वरूपातच काढायचा.

२८ अंशांचा सक्शन पाइप तर सगळ्यात वाईट. उणे ३२ वर उकळलेला गॅस कॉम्प्रेसरला पोहोचेपर्यंत ६० अंशांनी तापला. असा गॅस मोटर काय थंड करणार? फ्रोझनला कॉम्प्रेसरच्या तोंडाशी गॅस १८ अंशांच्या वर नसावा, आणि शून्याच्या आसपास असला तर उत्तम. दुसऱ्या बाजूला, सुपरहीट (गॅस उकळण्याच्या तापमानापेक्षा किती जास्त तापलाय तो फरक) ११ अंशांहून कमीही नको, नाहीतर लिक्विड परत येईल. चूक कुठे आहे हे कळायला आणखी एक रीडिंग घ्या: कॉइलमधून बाहेर पडतानाचा सुपरहीट. तो ५ ते ७ अंश असेल आणि खाली कॉम्प्रेसरशी ६० होत असेल, तर वाटेतलं इन्सुलेशन फुकट गेलंय. कॉइलशीच ३० असेल तर दोष एक्सपान्शन व्हॉल्व्ह, ड्रायर किंवा गॅसचा.

इन्सुलेशन बंद पेशींच्या नायट्राइल रबराचं घ्या, कोकणच्या दमटपणाला २५ मिलिमीटरपेक्षा कमी जाडी नको. सांधे चिकटवून बंद करा. वरून उन्हापासून कव्हर द्या, नाहीतर दोन उन्हाळ्यांत रबर तडकतं.

डिस्चार्ज ३३० म्हणजे कंडेन्सिंग ५१-५२ अंश. बाहेर ३४ असताना हा फरक १७ झाला, ८ ते ११ हवा. बंदराजवळ कंडेन्सरच्या अॅल्युमिनियम फिन्स मिठाने पांढऱ्या पडून भुगा होतात. बोट फिरवून पाहा. साध्या गोड्या पाण्याने आठवड्याला धुवा, प्रेशर वॉशरने नाही, फिन्स लोळतात. कंडेन्सर कठड्याला चिकटून ठेवला असेल तर तीच गरम हवा पुन्हा आत ओढली जाते. थ्री-फेज फॅन असेल तर तो उलटा फिरत नाही ना, हेही बघा. जागा बदलताना वायर अदलाबदल होणं अगदी नेहमीचं आहे. पाइपिंग नवीन केलंय, तेव्हा व्हॅक्यूम नीट झालं नसेल तर आत हवा राहिली असण्याची शक्यताही आहे. कॉम्प्रेसर बंद ठेवून कंडेन्सर फॅन चालू ठेवा, कंडेन्सरचं लिक्विड बाहेर जाऊ देऊ नका. पाइप बाहेरच्या हवेइतका झाला की प्रेशर वाचा. ३४ अंशांना ४०४ चं प्रेशर २१३ पीएसआयच्या जवळपास यायला हवं. त्यापेक्षा बरंच जास्त आलं तर हवा आहे.

फॅन: हेडच्या फिन्सवर हवा थेट आदळेल असा, कॉम्प्रेसर कंपनीच्या हेड-फॅन किटचा घेतलात तर माप शोधत बसावं लागणार नाही. खोलीतली ४३ अंशांची हवा घुसळून फायदा नाही, बाहेरची हवा खालून आत आणि गरम हवा वरून एक्झॉस्टने बाहेर जायला हवी. अंदाजासाठी: खोलीत पडणाऱ्या दर १ किलोवॅट उष्णतेमागे हवा ५ अंशांपेक्षा जास्त तापू नये असं वाटत असेल, तर तासाला ६०० घनमीटर, म्हणजे ३५० सीएफएम लागतात.

---

वाइंडिंग_कंट्रोल

वरचं सगळं बरोबर. विजेच्या बाजूने भर घालतो, कारण दुपारच्या ट्रिपमध्ये तिचाही हात असतो.

तिन्ही फेजमधलं व्होल्टेज कॉम्प्रेसरच्या टर्मिनलवर, लोड चालू असताना मोजा. मेन पॅनेलवर मोजून उपयोग नाही. समजा ४००, ४१५, ४२१ आलं. सरासरी ४१२. सरासरीपासून सगळ्यात दूरचा आकडा ४००, फरक १२. १२ भागिले ४१२, म्हणजे २.९ टक्के असंतुलन. याचा वर्ग करून दुप्पट केली की वाइंडिंगची तापमानवाढ किती टक्क्यांनी चढते ते मिळतं: इथे १७ टक्के. तीन टक्क्यांच्या आतलं असंतुलन बघायला किरकोळ वाटतं, पण मोटरला ते झेपत नाही. २ टक्क्यांच्या आत ठेवा. कारण बहुतेक वेळा कॉन्टॅक्टरचे (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचे) जळके पॉइंट, सैल लग किंवा एका फेजवर टाकलेला सिंगल-फेज लोड असतो.

हेड फॅनचं इंटरलॉक करा, म्हणजे फॅन चालू नसेल तर कॉम्प्रेसर चालणार नाही. फॅनच्या कॉन्टॅक्टरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट कॉम्प्रेसरच्या कॉन्टॅक्टर कॉइलच्या सीरिजमध्ये. त्याने फक्त कॉन्टॅक्टर ओढलाय एवढंच कळतं. फॅनची मोटर जळाली तर कळत नाही. म्हणून फॅनला स्वतःचा ओव्हरलोड हवा आणि त्याचा कॉन्टॅक्टही त्याच सीरिजमध्ये.

वाइंडिंगमधल्या पीटीसी सेन्सरचं (तापलं की रेझिस्टन्स चढणाऱ्या सेन्सरचं) मॉड्यूल बायपास करून मशीन चालवायचा मोह होतो, मासळी खराब होत असते तेव्हा तर फारच. करू नका. सेन्सर तपासायचे तर मॉड्यूलपासून सुटे करून ३ व्होल्टपेक्षा कमी देणाऱ्या मल्टिमीटरनेच तपासा. मेगर (इन्सुलेशन तपासायचं जास्त व्होल्टेजचं मीटर) त्या टोकांना चुकूनही लावायचा नाही, सेन्सर जातील आणि ते वाइंडिंगमध्येच बांधलेले असतात. मोटर गार असताना रेझिस्टन्स चढलेला दिसला तर दोष सेन्सरचा किंवा वायरचा. गरम असतानाच चढत असेल तर सेन्सर खरं बोलतोय.

आणि आपोआप रीसेट होऊ देऊ नका. मॅन्युअल रीसेट लावा, म्हणजे कोणीतरी समोर येऊन बघेल.

---

चारशेअठ्ठेचाळीस

लिक्विड कॅपिलरीबद्दल. ही युक्ती आर-२२ च्या काळातली. फ्रोझनला आर-२२ वापरलं की डिस्चार्ज तापमान फार चढायचं, म्हणून कंपन्यांनीच लिक्विड इंजेक्शनचे किट दिले होते. पण त्यात डिस्चार्जला सेन्सर असतो, तापमान ठरलेल्या हद्दीपलीकडे गेलं तरच व्हॉल्व्ह लिक्विड फवारतो, आणि तेही कॉम्प्रेसरमध्ये नेमून दिलेल्या जागी. उघडी कॅपिलरी दिवसरात्र लिक्विड सोडते. रात्री लोड कमी असताना तेच लिक्विड क्रँककेसमध्ये उतरून ऑइल धुऊन नेतं. ४०४ मुळात गार चालणारा गॅस आहे. हेड फॅन, योग्य रेशो आणि थंड सक्शन असेल तर त्याला इंजेक्शनची गरज नाही.

मात्र पुढे कधी ४०४ काढून आर-४४८ए किंवा आर-४४९ए भरायचा विचार असेल तर आधीच सावध करतो. ४०४ चा जागतिक तापमानवाढीचा निर्देशांक ३९२२ आहे, या दोघांचा १४०० च्या आसपास, म्हणून लोक तिकडे वळतायत. पण याच प्रेशरवर हे दोन्ही गॅस ४०४ पेक्षा ठळकपणे गरम डिस्चार्ज देतात. आज काठावर चाललेलं मशीन तेव्हा काठ ओलांडेल. फ्रोझनवर तो बदल करताना हेड फॅन हवाच, आणि कॉम्प्रेसर कंपनीच्या तक्त्यात त्या तापमानाला इंजेक्शन सांगितलं असेल तर तेही हवं.

---

बर्फ_कारखाना

बंदरावर आहात म्हणून शेजारच्या बर्फ कारखान्यात हेडमधून पाणी खेळताना पाहिलं असेल. त्यावरूनच मेकॅनिकच्या डोक्यात पाणी आलं असावं. तिथला हिशेब वेगळा आहे, तेवढा सांगतो.

अमोनिया तांब्याला खातो. म्हणून तिथे मोटर गॅसच्या आत नसतेच. ओपन टाइप कॉम्प्रेसर, मोटर बाहेर, पट्ट्यावर. मोटर थंड ठेवायचं काम गॅसकडे नाही. पण अमोनिया दाबला की फार तापतो. बर्फाच्या टाकीसाठी उणे १५ वर उकळून ४० वर कंडेन्स करताना रेशो साडेसहाच, तरी डिस्चार्ज सहज १२० अंशांच्या वर. ४०४ याच कामात त्याच्या बऱ्याच खाली राहील. म्हणून हेडला आणि सिलिंडरला ओतीव वॉटर जॅकेट असतं. पाणी बाहेरून ओतायचं नसतं, जॅकेटमधून फिरवायचं असतं.

त्यातही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जॅकेटचं पाणी उघड्या फनेलमध्ये पडेल असं ठेवावं, म्हणजे धार बारीक झाली की येता-जाता दिसतं. किनाऱ्यावरच्या बोअरचं पाणी असेल तर जॅकेटमध्ये क्षार बसतात, धार चांगली असूनही हेड तापतं. मग डिस्केलिंग करावं लागतं. आणि मशीन थांबलं की पाणी थांबलंच पाहिजे, सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावून. चालू ठेवलं तर गार हेडमध्ये अमोनिया लिक्विड होऊन बसतो आणि पुढच्या स्टार्टला व्हॉल्व्ह प्लेट फुटते. तुमच्या पोत्यात हाच धोका आहे, फक्त जागा क्रँककेस.

फ्रीझिंगसाठी उणे ३५ ला जायचं तर पाणी कितीही फिरवा, एका टप्प्यात भागत नाही. ०.९३ बारवरून १५.५ बारवर नेताना रेशो साडेसोळाच्या पुढे जातो. तिथे टू-स्टेज करतात: मधलं प्रेशर दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ, इथे ३.८ बार, म्हणजे दोन्ही टप्प्यांना चार-सव्वाचार रेशो, आणि मध्ये इंटरकूलर. हे सगळे बार अॅब्सोल्यूट आहेत (बाहेरच्या हवेचा दाब धरून), गेजचे नाहीत.

---

नवीन_टेक्निशियन

थोडं बाजूला जातोय, पण घरच्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरला हात लावला तर चटका बसतो. गिऱ्हाईक तक्रार करतं. तिथे फॅन का नसतो?

---

गेज_मॅनिफोल्ड

बिनफॅनच्या घरगुती फ्रिजमध्ये काही शंभर वॅटचा मामला असतो. मोटर आत स्प्रिंगवर टांगलेली, शाफ्ट खालून ऑइल उचलून वर फेकतो, ते शेलच्या आतल्या भिंतीवरून उतरताना उष्णता शेलला देतं आणि शेल खोलीच्या हवेला. म्हणजे शेल गरम लागणं हा त्याच्या थंड होण्याच्या पद्धतीचाच भाग आहे. शेल ६०-७० अंश असेल आणि फ्रिज सायकलवर बंद-चालू होत असेल तर गिऱ्हाइकाला निर्धास्त सांगा. अजिबात कट-ऑफ होत नसेल, तर मागची जागा, कंडेन्सरवरची धूळ, दाराचं गॅस्केट आणि मग गॅस, या क्रमाने बघा. हल्ली त्यात आयसोब्युटेन असतो, ज्वलनशील. सोल्डरिंगचा टॉर्च काढण्याआधी लेबल वाचा.

---

बंदर_कोल्डरूम (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. पोतं काढलं. ड्रायरच्या दोन्ही बाजूंत ४ अंशांचा फरक निघाला, बदलला. कॉइलशी सुपरहीट आता ६. सक्शन पाइपचं इन्सुलेशन गच्चीच्या भागात फाटलेलं होतं, नवीन घातलं. कंडेन्सर कठड्यापासून पुढे घेतला आणि धुतला. हेड फॅन इंटरलॉकसह बसवला, खोलीला एक्झॉस्ट दिला. दुपारची रीडिंग: सक्शन २१, डिस्चार्ज २७५, सक्शन पाइप १० अंश, डिस्चार्ज पाइप १०३. ट्रिप थांबलंय. पण १०३ जरा जास्त वाटतं. ऑइल साइट ग्लासमध्ये काळपट दिसतंय.

---

गेज_मॅनिफोल्ड

वाटतं ते बरोबर आहे. रेशो ८, सक्शन १० आणि हेडवर हवा असताना हा आकडा १०० च्या आत, नव्वदीत यायला हवा होता. आधी जे तापलं त्यात रीडवर काजळी धरली असणार, किंवा हेडच्या आत सक्शन-डिस्चार्ज वेगळं करणारी गॅस्केटची पट्टी गेली असणार.

पंप-डाउन करून पाहा. सक्शन सर्व्हिस व्हॉल्व्ह पुढे बंद करा, लो-प्रेशर स्विचची दोन्ही टोकं तेवढ्यापुरती वायरने जोडून तो बायपास करा, कॉम्प्रेसर २० इंच व्हॅक्यूमपर्यंत ओढू द्या आणि थांबवा. पहिल्यांदा ऑइलमध्ये विरघळलेला गॅस निघून काटा थोडा वर येतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका. दोन-तीनदा पुन्हा करा. तरीही काटा भराभर चढत राहिला तर डिस्चार्ज रीड किंवा गॅस्केट गळतंय. २० इंचांपर्यंत ओढतच नसेल तर सक्शन रीडकडे संशय. ही चाचणी पिस्टनच्या कॉम्प्रेसरलाच करायची, स्क्रोलला नाही. झाल्यावर लो-प्रेशर स्विचचा जोड काढायला विसरू नका.

ऑइलची अॅसिड टेस्ट किटने करा. अॅसिड निघालं तर ऑइल पूर्ण काढून नेमप्लेटवर सांगितलेल्या ग्रेडचं पीओई (पॉलिओल एस्टर ऑइल) भरा, लिक्विड ड्रायर पुन्हा बदला आणि सक्शनला बर्नआउटचा कोअर (अॅसिड शोषणारा फिल्टर) तात्पुरता बसवा. पीओईचा डबा फोडला की लगेच वापरा, कोकणच्या हवेत उघडा ठेवलेला डबा ओलावा ओढून घेतो आणि तेच पुढे अॅसिड होतं.

व्हॉल्व्ह प्लेट उघडावी लागली तर गॅस्केट मूळ जाडीचंच घ्या. जाड घातलं तर सिलिंडरच्या टोकाला गॅस उरतो, तोच पुन्हा पुन्हा दाबला जाऊन तापतो. पातळ घातलं तर पिस्टन रीडला लागेल. बोल्ट कंपनीच्या टॉर्कला, आडव्या-तिरप्या क्रमाने आवळा, आणि मशीन एकदा गरम होऊन थांबल्यावर तोच टॉर्क पुन्हा तपासा.